सांगली-मिरज-कुपवाडमध्ये पहिला कारखाना : गाळ्यापासून वसुलीपर्यंत

सांगलीत कारखाना टाकायचा म्हटलं की नवा माणूस आधी जागेचा भाव विचारतो. त्याआधी दोन गोष्टी पक्क्या व्हायला हव्यात. तुमचा माल घेणारा गिऱ्हाईक इथून किती लांब आहे, आणि तुमचा कच्चा माल व हाताखालची माणसं याच पट्ट्यात मिळतात का. या दोन्हींची उत्तरं जमली तर सांगली चांगली आहे, आणि थोडा महाग प्लॉटही परवडतो. ती जमली नाहीत तर फुकट मिळालेली जमीनही अंगावर येते. खाली सगळं त्याच क्रमाने मांडलं आहे. एखाद-दोन कोटींच्या आतली गुंतवणूक आणि पाच ते वीस माणसं, एवढा कारखाना डोळ्यांसमोर ठेवला आहे.

आधी ओळखा : इथे काय पिकतं, काय घडतं

सांगली जिल्ह्याचे उद्योगाच्या दृष्टीने दोन पाय आहेत. एक शेतमालाचा, दुसरा लोखंडाचा.

शेतमालात हळद आणि बेदाणा. सांगलीच्या बाजार समितीत हळदीचे सौदे होतात आणि माल फक्त जिल्ह्यातला नसतो, परजिल्ह्यांतून आणि कर्नाटकातूनही येतो. तासगाव आणि सांगली ही बेदाण्याची पेठ. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली आणि हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याला जोडून साखर, द्राक्ष, दूध, शीतगृहं, बारदान, पॅकिंग, वाहतूक अशी साखळी उभी आहे.

लोखंडाचा पाय जुना आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. ती आज पलूस तालुक्यात येते. नांगर आणि पंपांपासून सुरू झालेल्या त्या कामाने या भागात टर्नर, फिटर, पॅटर्नमेकर यांच्या पिढ्या तयार केल्या. पन्नासेक किलोमीटरवर कोल्हापूर, म्हणजे शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथला फाउंड्रीचा, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांचा पट्टा. कास्टिंग म्हणजे ओतीव भाग तिकडे ओतायचा आणि त्याचं मशीनिंग (कापून-घासून नेमक्या मापाला आणणं) कुपवाड-मिरजेत करून पुण्याला पाठवायचं, ही वाट रुळलेली आहे. इचलकरंजी आणि विट्याच्या यंत्रमागांमुळे मागांच्या सुट्या भागांचं व दुरुस्तीचं कामही मिळतं.

दळणवळणाचं गणित सरळ आहे. मिरज हे मोठं रेल्वे जंक्शन आहे. पुणे, कोल्हापूर, बेळगाव-लोंढा आणि पंढरपूर-कुर्डुवाडी अशा चारी दिशांच्या गाड्या तिथे मिळतात. पुणे-बेंगळुरू महामार्ग मात्र शहरातून जात नाही, पेठ नाक्याला जाऊन गाठावा लागतो. रत्नागिरी-नागपूर महामार्ग मिरजेजवळून जातो. तुमचं गिऱ्हाईक चाकणला असेल आणि ते दिवसाआड माल मागत असेल, तर ट्रकचं भाडं आणि पेठ नाक्यापर्यंतचा रस्ता किमतीत आधीच धरा. अशा गिऱ्हाइकासाठी ईश्वरपूर (जुनं इस्लामपूर) किंवा सातारा जिल्ह्यातलं तासवडे, शिरवळ ही ठिकाणंही पाहून घ्या. सांगली शहराच्या अभिमानापोटी रोज वाहतुकीवर जादा पैसे घालू नका.

जागा : तीन प्रकार, तीन वेगळे नियम

पहिला प्रकार एमआयडीसीचा, म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा. मिरज, कुपवाड, ईश्वरपूर, पलूस, कडेगाव, शिराळा, कवठेमहांकाळ इथे महामंडळाची क्षेत्रं आहेत. एमआयडीसी जमीन विकत नाही. प्लॉट ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर देते. जिथे बहुतेक प्लॉट गेलेले आहेत तिथे उरलेले ई-लिलावाने जातात, इतरत्र ठरलेल्या दराने ऑनलाइन अर्ज करता येतो. मिरज-कुपवाडसारख्या भरलेल्या क्षेत्रात नव्याला बहुधा दुसऱ्याचा प्लॉट हस्तांतरणाने घ्यावा लागतो. तिथे हस्तांतरण शुल्क कोण भरणार हे विसार देण्यापूर्वी कागदावर लिहून घ्या, कारण ती रक्कम किरकोळ नसते. प्लॉट हाती आल्यावर ठराविक मुदतीत नकाशे मंजूर करून, बांधकाम करून, पूर्णत्वाचा दाखला घ्यावा लागतो. मुदत हुकली की मुदतवाढीचं शुल्क, आणि तरीही नाही झालं तर प्लॉट परत जाण्याची भीती. म्हणूनच पहिल्याच वर्षी प्लॉट घेऊ नका, असं आमचं ठाम मत आहे. दोन वर्षं गाळ्यात काम करा, ऑर्डर स्थिर झाली की प्लॉटकडे वळा. भिंतीत अडकलेला पैसा कच्चा माल घ्यायला उपयोगी पडत नाही.

दुसरा प्रकार सहकारी औद्योगिक वसाहतीचा. सांगलीत माधवनगर रस्त्यावरची वसंतदादा औद्योगिक वसाहत या प्रकारातली. इथे संस्थेचे सभासदत्व, पोटनियम आणि ना-हरकत दाखला पाहावा लागतो. छोटे गाळे आणि शहराजवळची जागा हा फायदा. मोठा ट्रेलर आत वळेल का, हे मात्र स्वतः उभं राहून बघा.

तिसरा प्रकार गावची जमीन. स्वस्त दिसते, पण वेळ खाते. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सरसकट घेता येत नाही. औद्योगिक वापरासाठी कायद्यात वाट आहे, तीही जमीन औद्योगिक झोनमध्ये असली तर आणि अटींसह. सात-बारा काढल्यावर ‘इतर हक्क’ हा रकाना आधी वाचा. कुळाचं नाव, बँकेचा बोजा, वर्ग २ ची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या जमिनीची) नोंद, पुनर्वसनाचा शिक्का यांपैकी काही दिसलं तर वकिलाशिवाय पुढे पाऊल टाकू नका. रस्ता नकाशावर आहे की शेजाऱ्याच्या सौजन्यावर चाललाय, हेही तपासा. बँक याच मुद्द्यावर कर्ज अडवते.

पुराची रेषा

सांगलीत जागा घेताना हे टाळून चालत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन सालांतल्या पुरांनी शहराचा मोठा भाग पाण्याखाली नेला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं.

कुपवाड आणि मिरज एमआयडीसी नदीपासून दूर, उंचावर आहेत. गावभाग, सांगलीवाडी, हरिपूर आणि नदीकाठची गोदामं यांची गोष्ट वेगळी. जलसंपदा विभागाने आखलेल्या दोन रेषा असतात : निळी रेषा साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. जागेचा गट क्रमांक घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात या रेषांच्या संदर्भात जागा कुठे येते ते विचारा. आणि शेजारच्या दुकानदाराला भिंतीवरची २०१९ ची खूण दाखवायला सांगा. ही दुसरी चौकशी जास्त भरवशाची असते.

उंचावर असलात तरी काम थांबू शकतं. पूर आला की अंकलीकडून कोल्हापूरला जाणारा रस्ता बंद पडतो, शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग अडतो, कामगार आपापल्या गावात अडकतात. २०१९ मध्ये महामार्ग कित्येक दिवस बंद होता. म्हणून जुलै-ऑगस्टसाठी दहा ते पंधरा दिवसांचं कास्टिंग किंवा कच्चा माल आधी भरून ठेवा. पुण्यातल्या गिऱ्हाइकाकडे तयार मालाचा एक आठवड्याचा साठा जूनअखेर पोचवा. विमा काढताना पॉलिसीत पूर व जलप्रवेशाचं कलम स्पष्ट लिहिलेलं हवं, आणि साठ्याची रक्कम हंगामातल्या सर्वाधिक साठ्याएवढी धरलेली हवी. हळदीच्या व्यापारात मार्चमधला साठा आणि ऑक्टोबरमधला साठा यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. ऑक्टोबरचा आकडा लिहून प्रीमियम वाचवणारा नुकसानीच्या वेळी अर्धीच भरपाई घेऊन येतो.

भाड्याचा गाळा घेताना

भाडेकरार नोंदणीकृतच हवा, ते कायद्याने बंधनकारक आहे. शिवाय साध्या स्टॅम्पवरच्या कराराला बँक आणि जीएसटी कार्यालय दोघेही हात लावत नाहीत. मुदत किमान पाच वर्षांची घ्या, कारण मशीनचं कर्ज पाच वर्षांचं असतं आणि गाळा अकरा महिन्यांचा असेल तर शाखाधिकारी तिथेच अडतो.

एमआयडीसीच्या प्लॉटवरचा गाळा असेल तर एक सापळा हमखास असतो. मूळ प्लॉटधारकाने पोटभाड्याची परवानगी महामंडळाकडून घेतलेली नसते. ती नसेल तर पुढे तुमच्या नावाने वीजजोडणी आणि प्रदूषण मंडळाची संमती मिळवताना अडचणी येतात, आणि दंडाची नोटीस आल्यावर मालक तुमच्याकडे बोट दाखवतो. करार करण्याआधी त्याच्याकडून एवढे कागद मागा : पोटभाडे परवानगी, पूर्णत्वाचा दाखला, शेवटचं पाणीबिल, सेवाशुल्काची पावती, महापालिकेच्या घरपट्टीची पावती आणि शेवटचं वीजबिल. विजेची जुनी थकबाकी त्याच जागेवरच्या नव्या ग्राहकाकडून वसूल होऊ शकते. म्हणून बिलावरचा ग्राहक क्रमांक घेऊन महावितरणच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा.

गाळ्याची उंची मोजा. मशीन शॉपला छोटी क्रेन बसवायची तर छतापर्यंत पाच-साडेपाच मीटर मोकळी उंची लागते. फरशीखाली भराव आहे की मुरूम, हे खणून बघा. भरावावर बसवलेली मशीन सहा महिन्यांत लेव्हल सोडते आणि मग जॉब टेपर (एका बाजूला निमुळता) यायला लागतो.

कागदांचा क्रम

बहुतेक उशीर होतो तो क्रम चुकल्यामुळे. कागद एकमेकांवर अवलंबून आहेत.

१. फर्म ठरवा (मालकी, भागीदारी, एलएलपी किंवा कंपनी), पॅन आणि चालू खातं काढा.

२. उद्यम नोंदणी (केंद्राची सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांची नोंदणी) करा. ती आधार व पॅनवर ऑनलाइन होते आणि पूर्णपणे मोफत आहे. पैसे मागणारी संकेतस्थळं खासगी दलालांची असतात. १ एप्रिल २०२५ पासूनच्या व्याख्येप्रमाणे यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल म्हणजे सूक्ष्म उद्योग. २५ कोटी आणि १०० कोटी ही लघुउद्योगाची मर्यादा. नोंदणीत उत्पादनाचा संकेतांक निवडा. नुसता व्यापाराचा संकेतांक पडला तर उशिरा येणाऱ्या पैशांबाबतचं कायद्याचं संरक्षण मिळत नाही. हे पुढे फार महागात पडतं.

३. भाडेकरार, त्यानंतर जीएसटी. मालाच्या पुरवठ्यासाठी ४० लाखांपर्यंत उलाढालीला नोंदणीची सक्ती नाही, पण मोठ्या कारखान्यांचं काम घ्यायचं असेल तर पहिल्या दिवसापासून नंबर लागतो.

४. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणी-संमती. कमी ते जास्त प्रदूषण या क्रमाने उद्योग पांढरा, हिरवा, नारिंगी, लाल अशा वर्गांत मोडतात. पांढऱ्याला फक्त कळवायचं असतं. इथे बारीक तपशील पैसे वाचवतो. मसाला दळण्याचंच घ्या : केंद्रीय मंडळाच्या २०१६ च्या वर्गवारीत मोटर २० एचपीपर्यंत असेल तर हिरवा वर्ग, त्यापुढे नारिंगी. वर्गवारी अधूनमधून बदलते, म्हणून मशीनची ऑर्डर देण्याआधी सध्याची यादी पाहा आणि मोटरची निवड त्याप्रमाणे करा. मशीन शॉपमध्ये नुसतं कोरडं मशीनिंग असेपर्यंत प्रकरण हलकं असतं. रंगकाम, प्लेटिंग किंवा उष्णोपचार जोडला की वर्ग चढतो. वापरलेलं तेल हा घातक कचरा आहे. तो भंगारवाल्याला न देता अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यावा लागतो आणि त्याची नोंद ठेवावी लागते.

५. वीज, कर्ज, मशीन. यांबद्दल पुढे.

६. उत्पादन सुरू करण्यापूर्वी चालवण्याची संमती. उभारणीची संमती हातात आहे म्हणून मशीन सुरू केलं, ही नेहमीची चूक. त्या दोन स्वतंत्र परवानग्या आहेत.

खाद्यपदार्थ असेल तर अन्न सुरक्षा परवाना किंवा नोंदणी उलाढालीप्रमाणे, पाकिटबंद माल असेल तर वैधमापनशास्त्राची (वजन-माप खात्याची) पॅकर नोंदणी आणि काट्याचं मुद्रांकन. वीज वापरणाऱ्या कारखान्यात २० किंवा अधिक कामगार झाले की कारखाना परवाना लागतो. दहा कामगारांवर ईएसआय (कामगार राज्य विमा), वीसवर भविष्य निर्वाह निधी. कंत्राटदारामार्फत आलेले कामगारही या मोजणीत येतात.

विश्रामबागच्या उद्योग भवनात जिल्हा उद्योग केंद्र आहे. तिथे एकदा प्रकल्प अहवाल घेऊन जा आणि राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत तुमचा तालुका कोणत्या गटात येतो ते विचारा. तालुके अ, ब, क, ड, ड+ अशा गटांत असतात आणि मागास तालुक्याला जास्त सवलत मिळते. मिरज तालुक्यात टाकलेला कारखाना आणि जतला टाकलेला कारखाना यांना मिळणाऱ्या सवलती सारख्या नसतात. परवानग्यांचे अर्ज राज्याच्या मैत्री पोर्टलवरून एकत्र करता येतात. अर्ज क्रमांक जपून ठेवा, पाठपुरावा त्यावरच होतो.

वीज : मागणी किती लिहायची

नवा माणूस प्रत्येक मशीनच्या पाटीवरचे आकडे बेरीज करून तेवढी मागणी (महावितरणकडे नोंदवायचा कमाल भार) लिहितो. मग वापर असो-नसो, दर महिन्याला स्थिर आकार जास्त भरत बसतो. उदाहरण घ्या. दोन सीएनसी लेथ (संगणकावर चालणारे) प्रत्येकी १५ केव्हीए (विजेच्या भाराचं एकक), एक व्हीएमसी (संगणकावर चालणारं उभं मिलिंग मशीन) २० केव्हीए, साडेसात एचपीचा कॉम्प्रेसर साधारण ७ केव्हीए, दिवे-पंखे ३ केव्हीए. बेरीज ६० केव्हीए. पण ही सगळी एकाच क्षणी पूर्ण भारावर कधीच नसतात. बेरजेच्या ०.६५ पट धरलं तर ३९ केव्हीए. ४० ची मागणी लिहा, तीन महिन्यांची बिलं बघा आणि मग वाढवायची का ते ठरवा. कमी लिहून ओलांडली तर दंड लागतो, त्यामुळे अगदी काठावरही राहू नका.

मोठ्या भाराला बिल केव्हीएएचवर येतं. पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामी येणारा भाग) घसरला की त्याच कामाला जास्त युनिट पडतात. कपॅसिटर पॅनेल बसवा आणि दर सहा महिन्यांनी त्यातले कपॅसिटर तपासा. ते फुगून निकामी होतात आणि बिल येईपर्यंत कुणाला कळत नाही. सीएनसीला स्वतंत्र अर्थिंग हवं, रोध १ ओमच्या आत. उन्हाळ्यात माळावरची जमीन सुकली की अर्थिंगचा रोध चढतो आणि ड्राइव्ह जळतात. एप्रिल-मेमध्ये अर्थिंगच्या खड्ड्याला पाणी घालणं हे देखभालीच्या वहीत लिहिलेलं काम असलं पाहिजे.

पैसा : मशीनपेक्षा खेळतं भांडवल

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादन उद्योगाला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. सर्वसाधारण गटाला शहरी भागात १५ टक्के आणि ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान, विशेष गटाला अनुक्रमे २५ आणि ३५ टक्के. कुपवाड महापालिका हद्दीत आहे, म्हणून तिथे शहरी दर लागतो. हद्दीबाहेरच्या महसुली गावात तोच प्रकल्प ग्रामीण ठरतो. ५० लाखांवर दहा टक्क्यांचा फरक म्हणजे पाच लाख. अनुदानाची रक्कम तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकलेली असते, हातात येत नाही. योजना फक्त नव्या उद्योगाला आहे, म्हणून मंजुरीआधी मशीन घेऊन काम सुरू केलं तर प्रस्ताव बाद होतो. अन्नप्रक्रियेच्या सूक्ष्म उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त दहा लाख रुपये अनुदान आहे. अशा सगळ्या योजना ठराविक मुदतीपुरत्या चालतात. अर्ज करण्याच्या दिवशी त्या चालू आहेत का, हे उद्योग केंद्रात किंवा कृषी कार्यालयात विचारूनच आकडे धरा.

कारखाने बंद पडतात ते बहुधा खेळत्या भांडवलामुळे. महिन्याला सहा लाखांचं जॉबवर्क होतं आणि पैसे ७५ दिवसांनी येतात असं धरा. म्हणजे पंधरा लाख रुपये कायम गिऱ्हाइकाकडे पडून. त्यात टूल, इन्सर्ट (टूलच्या टोकाची बदलायची पाती), तेल यांचा साठा, पगार आणि वीजबिल. बँक अंदाजित वार्षिक उलाढालीच्या २० टक्क्यांपर्यंत खेळतं भांडवल देते. ७२ लाखांच्या उलाढालीवर ते १४ लाख ४० हजार होतं. ते पंधरा लाखांच्या उधारीतच संपतं. वरचा पैसा स्वतःचा हवा. प्रकल्प अहवाल बनवताना मशीनच्या किमतीवर सगळा जोर देऊ नका, हा आकडा आधी लिहा. तारण नसेल तर पतहमी न्यासाच्या (तारणाऐवजी हमी देणाऱ्या) योजनेत कर्ज बसतं का ते शाखेत विचारा.

हळद दळणार असाल तर

हंगाम जानेवारीत उघडतो आणि मे पर्यंत जोर असतो. सौद्यात हळकुंड (बोटांसारखे लांब तुकडे), गड्डे (गोल कंद) आणि कणी (बारीक तुकडे) वेगवेगळी विकली जातात, आणि राजापुरी जातीचा भाव वेगळा असतो. पहिल्या हंगामात स्वतः बोली लावायच्या फंदात पडू नका. चांगला अडत्या गाठा, त्याच्याबरोबर महिनाभर सौद्याला उभे राहा. अडत, हमाली, तोलाई, बाजार शुल्क आणि बारदान हे सगळं भावावर चढतं. क्विंटलमागे ते किती होतं याची स्वतःची वही ठेवा.

ओलावा हा नफ्या-तोट्याचा मुख्य आकडा. अन्न सुरक्षा मानकांप्रमाणे अख्ख्या हळदीत ओलावा १२ टक्क्यांपेक्षा जास्त नको आणि पावडरमध्ये १० टक्क्यांपेक्षा जास्त नको. आता हिशेब करा. १२ टक्के ओलाव्याची १०० क्विंटल हळद म्हणजे ८८ क्विंटल कोरडा ऐवज. पावडर १० टक्क्यांवर आणली की ती ९७.८ क्विंटल भरते. नुसत्या ओलाव्यात सव्वादोन क्विंटल गेले. माती, खडे आणि उडणारी धूळ वेगळी. पावसाळ्यात घेतलेल्या हळदीत ओलावा याहून जास्त असतो. एक साधं ओलावा-मापक यंत्र पहिल्याच हंगामात आपली किंमत काढून देतं.

गिरणी घेताना विक्रेत्याच्या छापील पत्रकावरची क्षमता धरू नका. आपली दोन पोती हळद घेऊन जा, त्याच्याकडे सलग दोन तास दळून पाहा आणि पावडरचं तापमान हाताने बघा. पावडर फार तापली तर सुगंधी तेल उडतं आणि रंगही मंदावतो. एका झटक्यात बारीक करण्यापेक्षा आधी भरड आणि मग बारीक असं दोन टप्प्यांत दळा. गिरणीच्या तोंडाशी चुंबक हवाच, पोत्यात खिळा-तार निघतेच. धूळ गोळा करायला सायक्लोन (हवा गोल फिरवून धूळ वेगळी करणारं यंत्र) आणि त्यामागे कापडी फिल्टर बसवा. हवेत साचलेली बारीक हळद ठिणगीने पेट घेऊ शकते, म्हणून दळणखोलीत वेल्डिंग करायचं तर आधी खोली झाडून, धूळ पुसून घ्यावी लागते. पिवळी धूळ शेजारच्या गाळ्यात गेली की तक्रार प्रदूषण मंडळाकडे जाते, हेही लक्षात असू द्या.

रंगासाठी काहीही मिसळलेला माल दारात घेऊ नका. मानकांप्रमाणे लेड क्रोमेटची (पिवळा रंग आणणारं शिशाचं रसायन) चाचणी नकारात्मकच यायला हवी, आणि ते विष आहे. पॉलिश केलेली हळद फार भडक पिवळी दिसली तर पोत्यातून नमुना काढून प्रयोगशाळेत पाठवा आणि अहवाल येईपर्यंत पैसे रोखून धरा.

पाकिटावर ‘सांगली हळद’ असं मानांकनाच्या चिन्हासह छापायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. कारखाना सांगलीत आहे आणि हळद बाहेरच्या राज्यातली, अशा मालावर ते नाव लावता येत नाही.

बेदाण्याबद्दल थोडक्यात. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, आणि शेडवर माल असताना फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पडणारा अवकाळी पाऊस हा सगळ्यात मोठा धोका. नव्याने वाळवणीत उतरू नका. तयार बेदाणा घेऊन निवडणी, प्रतवारी आणि पॅकिंग करणं सोपं आहे, आणि शीतगृहं जवळच आहेत.

मशीन शॉप टाकणार असाल तर

मशीनची ऑर्डर देण्याआधी किमान एका गिऱ्हाइकाकडून जॉबचं ड्रॉइंग आणि महिन्याची संख्या हातात घ्या. ‘मशीन आलं की काम देतो’ या तोंडी शब्दावर हप्ता भरता येत नाही. पहिल्या दोन मशीन आणि एक कॉम्प्रेसर यांना मापनाची जागा, कच्चा-पक्का माल आणि टेम्पो मागे घ्यायला मोकळीक धरून दीड-दोन हजार चौरस फूट पुरतात.

भाव देताना तासाचा दर स्वतः काढा : हप्ता, घसारा, वीज, ऑपरेटर, टूल, भाडं, आणि मग कामाचे खरे तास. महिन्याला २६ दिवस दोन पाळ्या म्हणजे ४१६ तास हे कागदावर. सेटिंग, टूल बदल, वीज जाणं, कास्टिंग उशिरा येणं यांत ते ३०० पर्यंत उतरतात. ४१६ ने भागून भाव देणारा वर्षभरात अडचणीत येतो.

कास्टिंग गिऱ्हाईक देत असेल तर चलनाची शिस्त पाळा. जॉबवर्कसाठी आलेला माल वर्षाच्या आत परत जायला हवा, नाहीतर जीएसटीत तो पुरवठा धरला जातो. मशीनिंग करताना आतला ब्लो-होल (ओतताना राहिलेली हवेची पोकळी) उघडा पडला तर तो कुणाचा तोटा, हे पहिल्या ऑर्डरवरच लिहून घ्या : फाउंड्रीचा दोष असेल तर मशीनिंगचे पैसे मिळणार की नाही, आणि कितीपर्यंत रिजेक्शन मान्य. या एका ओळीवरून इथे सर्वाधिक भांडणं होतात. चिप्स (मशीनिंगमध्ये निघणारा धातूचा चुरा) कुणाच्या, तेही लिहा.

माणसं

वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय, मिरजेचं शासकीय तंत्रनिकेतन आणि जिल्ह्यातल्या आयटीआय यांमुळे शिकलेली मुलं मिळतात, पण चांगला सेटर (जॉबसाठी मशीन जुळवून देणारा) टिकवणं अवघड आहे. तो पुण्याला जातो. आयटीआयचे शिकाऊ उमेदवार घ्या. त्यांच्या विद्यावेतनाचा काही भाग केंद्र सरकार देतं. त्यांना पहिल्या महिन्यात झाडलोट न लावता मापनयंत्रं द्या. मुलगा गावाकडून दुचाकीवर येत असेल तर दुसऱ्या पाळीची वेळ शेवटच्या एसटीशी आणि द्राक्षाच्या हंगामाशी जुळवावी लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये घरची बाग काढायला सुट्या पडणार हे गृहीत धरून वेळापत्रक बांधा.

वसुली

सूक्ष्म व लघु उद्योगाच्या पुरवठ्याचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे, असा २००६ चा कायदा सांगतो. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. शिवाय आयकर कायद्यात तरतूद आहे की ही मुदत चुकवली आणि ३१ मार्चपर्यंतही पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला ती रक्कम त्या वर्षाच्या खर्चात धरता येत नाही. म्हणून मार्च महिन्यात वसुलीचा फोन करताना तुमची उद्यम नोंदणी आणि थकीत बिलांची यादी हिशेब विभागाकडे पाठवा, विक्री विभागाकडे नको. प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापा, आणि तो पुरवठा सुरू होण्याआधीचा असला पाहिजे.

तरीही पैसे आले नाहीत तर थकीत पैशांचे दावे ऐकणाऱ्या सूक्ष्म व लघु उद्योग सुलभता परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. परिषदेच्या निकालाला आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. अर्जाला लागतात तीन कागद : खरेदी आदेश, बिल, आणि माल मिळाल्याची सही-शिक्का असलेली चलनाची प्रत. टेम्पोवाल्याला सांगून ठेवा की गेटवर शिक्का मारून घेतल्याशिवाय गाडी परत वळवायची नाही.